सागवान की प्लास्टिक

भाऊबीजेच्या सकाळी राजवर्धननं ती पांढरी खिडकी सोप्यात आणून भिंतीला टेकवली, तेव्हाच त्याला कुणीतरी अडवायला हवं होतं. पण घरातली निम्मी माणसं आंघोळीच्या नंबरात होती आणि उरलेली फराळाच्या डब्यांशी. त्यामुळं जोतीराम ओवाळून घ्यायला पाटावर बसले, तेव्हा देवाच्या मागं प्रभावळ असावी तशी त्यांच्या पाठीमागं चार बाय चार फुटांची प्लास्टिकची खिडकी उभी होती. आणि जोतीराम म्हणजे चाळीस वर्षं लाकडाची वखार चालवलेला माणूस.

"मागं काय हाय?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

"सँपल हाय आबा. यूपीव्हीसी. आत्याच्या घरासाठी," त्यांचा मुलगा राजवर्धन म्हणाला.

"जोत्या, हलू नको. कुंकू नाकावर येतंय," आक्का म्हणाल्या.

आक्का जोतीरामांची थोरली बहीण. गारगोटीच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं, तिथंच संसार केला. तीन वर्षांपूर्वी मास्तर, म्हणजे आक्कांचे यजमान, वारले. तेव्हा जोतीराम स्वतः टेंपो घेऊन गेले आणि बहिणीला सामानासकट कोल्हापूरला घेऊन आले. विचारलंबिचारलं काही नाही. तेव्हापासून माडीवरची खोली आक्कांची. गेल्या वर्षी एकदा जेवताना त्यांनी सांगून टाकलं, की मास्तरांनी आचऱ्याजवळ घेऊन ठेवलेल्या पाच गुंठ्यांवर त्या दोन खोल्यांचं घर बांधणार आहेत. समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर. सगळ्यांना आनंद झाला. मे महिन्यात जायला बरं, असं जो तो म्हणाला.

मे महिन्यात जायला नव्हे, कायमचं राहायला बांधतेय, हे आक्कांनी राजवर्धनच्या बायकोला, एका संयोगिताला सोडून कुणालाही सांगितलं नव्हतं. आज सांगायचंच, असं ठरवून त्या पहाटे उठल्या होत्या.

ओवाळून झालं. दरवर्षी जोतीराम ताटात पाकीट ठेवत. यंदा त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून ठेवला आणि म्हणाले, "वाच."

आक्कांनी चष्मा लावला. वखारीच्या लेटरहेडवर जोतीरामांच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: आक्काच्या घराच्या सातही खिडक्या, बल्लारशा सागवान, भावाकडून.

या घराण्यात बहिणीनं घर बांधलं की पुढच्या दाराची चौकट भावानं द्यायची रीत आहे. ती चौकट जोतीरामांनी मार्चमध्येच दिली होती, दारासकट, आणि स्वतः जाऊन बसवून आले होते. खिडक्या द्यायची रीत नव्हती. ती त्यांनी आज नवीन पाडली.

आक्कांचे डोळे भरून आले. राजवर्धनचेही यायच्या बेतात होते, पण कारण वेगळं. सहा महिन्यांपूर्वी त्यानं या प्लास्टिकच्या खिडक्यांची एजन्सी घेतली, वखारीच्या कोपऱ्यात काचेचं केबिन थाटलं, आणि आजवर एकही खिडकी खपली नव्हती. गिऱ्हाईक यायचं, खिडकीवर टिचकी मारून बघायचं आणि विचारायचं, "तुमच्या वडलांचं काय मत हाय?" आत्याचं घर हे त्याचं पहिलं काम होणार होतं. तिथल्या गवंड्याला सोमवारपर्यंत मापं कळवायची होती, म्हणजे हातात दोनच दिवस होते.

जेवणं सुरू झाल्यावर त्यानं विषय काढलाच.

"आबा, ओवाळणीबद्दल कोण काय म्हणत न्हाय. पण समुद्र हाय तो. खारी हवा. लाकूड फुगतंय, बुरशी धरतंय. ह्याला ना गंज, ना वाळवी, ना रंग. आतली लोखंडी पट्टी जस्त चढवलेली. बिजागरी, स्क्रू सगळं तीनशे सोळा नंबरचं स्टील. साधं स्टील तिथं वर्षात तांबडं हुतंय."

"आणि उन्हानं पिवळं पडलं तर?"

"न्हाय पडत. चांगल्या मालात त्यासाठी भर घातलेली असतीया."

"मालात भर," जोतीराम म्हणाले. "संयोगिता, आमटी वाढ. तिच्यात तरी भर नसंल."

संयोगितानं सासऱ्यांना आमटी वाढली आणि नवऱ्याला डोळ्यांनीच आता पुरे अशी खूण केली. नवऱ्यानं ती पाहिली नाही.

"अ‍ॅल्युमिनिअम का नको पण?" अनुजानं विचारलं. ही आक्कांची मुलगी, सणाला पुण्याहून आलेली. "आमच्या फ्लॅटला बारा वर्षं झाली, काही झालेलं नाही."

"पुण्यात कुठला समुद्र आलाय, अनुताई? आत्याच्या शेजारच्या बंगल्याला हाय की अ‍ॅल्युमिनिअम. पांढरी पावडर धरलीया, खड्डे पडल्यात. खिडकी सरकवाय दोन माणसं लागत्यात. एक ढकलाय आणि एक शिव्या द्याय."

अनुजा हसली. तिला खरं तर खिडकी कसली का असेना, चालणार होती. आई तीन वर्षं मामाकडं राहते, पुण्याला आपल्याकडं का येत नाही, हा सल तिच्या मनात होता आणि खिडक्यांच्या गडबडीत तोही बोलून घ्यावा असं तिला वाटत होतं.

"मग राजाचं ऐका, मामा," ती म्हणाली. "आपण जाणार वर्षातून दोनदा. दहा महिने घर बंद. बंद घराच्या लाकडाला तेलपाणी कोण करणार?"

घर बंद, हे शब्द ऐकून आक्कांनी घास खाली ठेवला. हीच वेळ होती. त्यांनी तोंड उघडलं, पण जोतीरामांचा आवाज आधी सुटला.

"लाकडाला काय हुईत न्हाय! मी केलेलं दार बघितलंस न्हवं? फटीत पोस्टकार्ड जात न्हाय. हवा शिरंल कुठनं?"

"म्हणून तर अडकलं!" राजवर्धन म्हणून गेला.

पंगत थांबली. संयोगिताच्या हातातला डाव आमटीत तसाच राहिला.

"काय अडकलं?"

"काय न्हाय आबा."

"राजा. काय अडकलं?"

मग सांगावंच लागलं. जुलैत आक्का आणि संयोगिता काम बघायला गेल्या होत्या. पाऊस आला म्हणून दोघी आत शिरल्या आणि वाऱ्यानं पाणी येतंय म्हणून दार लोटून घेतलं. पाऊस थांबला, पण दार उघडेना. खिडक्यांच्या जागी पत्रे ठोकलेले. दोघींनी ढकललं, ओढलं, संयोगितानं लाथ घातली, आक्कांनी दाराला समजावून सांगितलं. तीन तासांनी गवंडी आला, त्यानं एक पत्रा काढला आणि अडुसष्ट वर्षांच्या निवृत्त मुख्याध्यापिकेला खिडकीतून उचलून बाहेर घेतलं.

"आणि हे मला आज कळतंय?" जोतीराम म्हणाले.

तुमचं दार अडकलं, असं या माणसाला सांगायची छाती घरात कुणाची नव्हती. म्हणून चार महिने सगळ्यांनी मिळून ते लपवलं होतं. जोतीरामांनी ताटातच हात धुतले, बासुंदीची वाटी तशीच ठेवली आणि अंगण ओलांडून वखारीत निघून गेले.

*

दिवाळीची सुट्टी असल्यानं वखारीत शुकशुकाट होता. करवतीवर कापड टाकलेलं. जोतीराम ओंडक्यावर बसले. दार अडकल्याचं त्यांना वाईट वाटलंच, पण त्याहून वाईट हे, की ते का अडकलं हे त्यांना ऐकताक्षणी कळलं होतं. मार्चचं लाकूड, कोल्हापुरात वाळून खडखडीत झालेलं. ते तिथं नेऊन घट्ट बसवायचं म्हणजे जूनमध्ये ते पाणी पिऊन फुगणारच. हे वखारीतल्या पोरालाही समजतं. तिथला म्हातारा सुतार तेव्हा म्हणालाही होता, "पावण्यांनू, वायच फट ठेवा." जोतीराम हसले होते. फट ठेवायची असती तर मी कशाला आलो असतो, असंही काहीतरी बोलले होते.

संयोगिता चहा घेऊन आली.

"कुठं धरत हुतं?" त्यांनी विचारलं. "वर का बाजूला?"

"खाली, आबा. उंबऱ्याला. आणि कडीच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात."

"व्हय. तिथंच धरणार." ते बशीत चहा ओतत म्हणाले. "पुढं काय केलं?"

"तिथल्या सुतारानं दोन सूत रंधा मारला, तेल पाजलं. आता हलकं चालतंय. तो म्हणाला, लाकूड झ्याक हाय, भिऊ नका. रोज उघडझाप झाली, वारं लागलं, वर्षाला तेल मिळालं, तर तुमच्या नातवंडांस्नी बी पुरंल. बंद घराला मात्र लाकूड लावू नका म्हणाला. बंद घरात ते कुजतंय. आत्या म्हणाल्या, मग काय अडचण न्हाय..."

एवढं बोलून संयोगिता थांबली. सासऱ्यांची बशी ओठापाशी थांबली होती.

"अडचण न्हाय म्हंजे?"

"चहा गार हुतोय आबा."

"घर बंद ऱ्हाणार न्हाय, असं म्हणाली ती?"

संयोगिता हातकणंगल्याकडची, बोलायला कुणाला न हटणारी. पण तिला खोटं बोलता येत नव्हतं. तिनं पदर सारखा केला आणि करवतीकडं बघत उभी राहिली. तेवढं जोतीरामांना पुरलं.

ती गेल्यावर जोतीरामांनी गार झालेला चहा पिऊन टाकला. आपण उभं असलेली फळी आपणच कापल्यासारखं झालं होतं. सागवान लावलं तर घर उघडं पाहिजे, आणि घर उघडं पाहिजे तर आक्का तिथं पाहिजे. आणि त्यांनी सकाळी स्वतःच्या हातानं, लेटरहेडवर, सात खिडक्या लिहून दिल्या होत्या.

*

आक्का सोप्यात सुपारी कातरत होत्या, तेव्हा जोतीराम परत आले आणि उभ्या उभ्या म्हणाले, "राजा, आत्याच्या घराला तुझ्याच खिडक्या लाव. सातच्या सात. दार बी प्लास्टिकचं कर."

राजवर्धनच्या हातातला मोबाईल पडला. गेले सहा महिने तो हे वाक्य ऐकायला तडफडत होता, पण आता ऐकल्यावर त्याला आनंदाऐवजी भीतीच वाटली.

"आबा, बरं हाय न्हवं तुम्हाला?"

"मला काय धाड भरलीया? बंद घराला प्लास्टिक चांगलं. अनूच म्हणाली न्हवं?"

"बघ, मामांनाही पटलं," अनुजा म्हणाली.

आक्कांनी अडकित्ता बाजूला ठेवला. "आणि माझी ओवाळणी?"

"दुसरी देतो. पैठणी घे."

"ह्या वयात पैठणी नेसून कुठं मिरवू मी?" आक्कांनी संयोगिताकडं पाहिलं. संयोगिता चकल्यांच्या डब्याचं झाकण लावत होती. ते लागत होतं तरी पुन्हा काढून लावत होती. "जोत्या, तुला कळलंय."

"मला काय कळलेलं न्हाय."

"कळलंय. तुला सगळं कळलंय, म्हणून जन्मभर ज्याला नावं ठेवलीस ते प्लास्टिक घ्याय तयार झालास." आक्कांना वाटलं होतं तेवढं बोलणं अवघड गेलं नाही. "तर आता सगळ्यांनी ऐका. घर बंद ऱ्हाणार न्हाय. मी तिथं राहणार हाय. सुट्टीला न्हवं, कायमची."

"एकटी?" अनुजा उठून उभी राहिली. "आई, तुला बीपी आहे. आणि असं होतं तर माझ्याकडं का नाही आलीस? मी किती वेळा म्हटलं!"

"तुझ्याकडं येऊन काय करू? तू आणि जावई सकाळी आठला जाता ते रात्री आठला येता. बेल वाजली तर उघडाय बाई हाय."

"बेलचं काय मध्येच?"

"तेच तर हाय, अनू." आक्का थोडं थांबल्या. हे नीट सांगायला हवं होतं, नाहीतर भावाला वाटलं असतं की आपल्याकडून काही कमी पडलं. "ह्या घरात मला कुणी काय कमी केलं न्हाय. हातावर झेललंय मला. पण तीन वर्षांत दारावर कोण आलं तर मी एकदा बी उघडलं न्हाय. मी उठायच्या आत कोण तरी पळतंय. तुम्ही बसा आत्या. तुम्ही नका उठू आत्या. गारगोटीला माझ्या दारात दिवसाला वीस माणसं यायची. पोरं यायची, त्यांच्या आया यायच्या, दूधवाला यायचा. मी उघडायची. मला माझं दार पाहिजे. मग ते उघडाय जोर लागला तरी चालंल."

राजवर्धननं घसा साफ केला. तो विक्रेता म्हणून कच्चा होता, कारण माणूस म्हणून खरा होता. "आबा, मग हे बघा. आत्या रोज तिथं असणार असंल, तर सागवानाला काय हुईत न्हाय. पावसाळ्याआधी तेल पाजलं आणि दोन सूत जागा ठेवली की झालं. प्लास्टिकची गरजच न्हाय." बोलून झाल्यावर आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, हे त्याच्या लक्षात आलं.

"तू गप बस!" जोतीराम गरजले. "सहा महिने लाकडाला नावं ठेवलीस आणि आज गुण गातोयस? आज जरा प्लास्टिकची बाजू घेतलीस तर काय बिघडत हुतं?"

कुणीतरी हसायला हवं होतं, पण जोतीरामांचा आवाज फाटला होता आणि ते सगळ्यांना ऐकू आलं.

"भाऊ धडधाकट असताना बहीण समुद्रावर एकटी," ते म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

"लोकांचं ऱ्हाऊ दे. तुझं सांग."

"माझं काय?"

"तुला काय वाटतंय ते सांग. वखारीतला हिशेब नगं, लोक नगंत."

जोतीराम पाटावर बसले, सकाळी ओवाळून घ्यायला बसले होते तिथंच. एवढा थोरला आवाज असलेला माणूस, पण आता त्याला ऐकायला सगळ्यांना कान द्यावा लागला.

"तू गेलीस की मला जोत्या म्हणाय कोण न्हाय, आक्का. आबा म्हणत्यात, मामा म्हणत्यात, बाहेर शेठ म्हणत्यात. सगळी मला इचारून करत्यात. मला गप बस म्हणणारं, तुझं चुकलं म्हणणारं तू एकटीच हाईस. दार अडकलं तर चार महिने मला कुणी सांगितलं न्हाय. असं घर हाय माझं. ह्यात मला एकट्याला टाकून चाललीस."

आक्कांच्या मनात तीन वर्षं एकच भीती होती, की आपण या घरावर ओझं आहोत. आधार आहोत, असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. अनुजा आईजवळ येऊन बसली. पुण्याचं पुन्हा काढावं असं तिला वाटलं नाही.

"एक गोष्ट मला कुणी इचारली न्हाय," डोळे पुसून आक्का म्हणाल्या. "एकटीला ऱ्हायचं तर दोन खोल्या कशाला बांधल्यास?"

"पावण्यांसाठी," राजवर्धन म्हणाला.

"पावणं पडवीत झोपतील. मागची खोली जोत्याची हाय. माडांच्या अंगाची. समुद्राचा आवाज हाय, पण खारं वारं तिथं कमी लागतंय. पलंग भिंतीला लावायचा का खिडकीला, एवढं फक्त ठरवायचं ऱ्हायलंय. बाकी सहा खिडक्या कागदावर लिहिल्यात तशा सागवानी, त्यात मी एक बी सोडणार न्हाय. तुझ्या खोलीच्या खिडकीला काय लावायचं ते तू सांग."

जोतीरामांनी बहिणीकडं पाहिलं, मग जमिनीकडं. मग ते उठले आणि त्या पांढऱ्या खिडकीपाशी गेले. सकाळपासून त्यांनी तिला हात लावला नव्हता. त्यांनी खटका फिरवला, झडप उघडली, मिटली, पुन्हा उघडली. कोपऱ्यातल्या जोडावरून अंगठा फिरवला. चौकटीत फट कुठं सापडते का ते वाकून बघितलं. राजवर्धन श्वास रोखून उभा होता.

"प्लास्टिक," जोतीराम म्हणाले.

"आबा?"

"मी काय तिथं रोज असणार न्हाय. वर्षातनं दोन-तीनदा येणार, आठ-आठ दिस. मधी खोली बंदच ऱ्हाणार. बंद खोलीला लाकूड कुजतंय." ते लेकाकडं वळले. "लिहून घे. तीन बाय चार. जाळी पाहिजे, तिथं डास लई असत्यात."

राजवर्धन पेन शोधायला धावला.

"आठ न्हाय, पंधरा," आक्का म्हणाल्या.

"पंधरा दिस वखार कोण बघणार?"

आक्कांनी राजवर्धनकडं बोट दाखवलं. तो कागद-पेन घेऊन आला होता आणि गुडघ्यावर कागद ठेवून, जीभ दाताखाली धरून, बापाच्या खिडकीचं माप लिहीत होता. जोतीराम त्याच्याकडं बघत राहिले.

"बरं," ते म्हणाले. "पंधरा."